दसऱ्याला उजळलेला किलो

मित्रांनो, मी एक जुना पितळी ठोकळा आहे, एक किलो वजनाचा. नेमका एक किलो, असे मी पूर्वी छाती फुगवून सांगत असे.

बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात मी ओतला गेलो. मग लेथवर मला थोडे थोडे कातत आणले आणि एक किलो भरताच कारागिराचा हात थांबला. साखर किंवा भाजी मी कधीच तोलली नाही. माझे काम दुसऱ्या वजनकाट्यांची परीक्षा घेण्याचे. मला मखमलीच्या पेटीत ठेवत आणि हातमोजे घालूनच उचलत, कारण बोटांचा तेलकटपणासुद्धा वजनात भर घालतो.

पुढे पोलादी वजने आली आणि मी अडगळीत गेलो. तिथून मला मिलिंदने विकत घेतले. मिलिंद इंग्लंडमध्येच, लीड्सला जन्मलेला, ब्रिटिश सैन्याच्या वर्कशॉपमध्ये मापयंत्रे दुरुस्त करणारा. इराकमधल्या एका स्फोटात त्याचा डावा कान गेला आणि तो घरी परतला. नोकरी कोणी देईना. तेव्हा त्याने घराच्या गॅरेजमध्ये दवाखान्यांचे काटे तपासून देण्याचा धंदा काढला. मला प्रयोगशाळेत नेऊन पुन्हा प्रमाणित करून आणले. किती वर्षांनी मला मान मिळाला!

पण किरकोळ कामांवर घर चालेना. २००७ साली एका सरकारी रुग्णालयाचे मोठे काम निघाले, नवजात बाळांचे वजनकाटे तपासण्याचे. त्यात माजी सैनिकांच्या लहान उद्योगांसाठी वाटा राखला होता. मात्र आधी पडताळणी व्हायची. मालक खरोखर सैन्यात होता का, धंदा पूर्णपणे त्याच्याच ताब्यात आहे का आणि त्याची मापे बिनचूक आहेत का, हे अधिकारी घरी येऊन पाहणार होते.

"हे नाही झालं ना आई, तर गॅरेज बंद," मिलिंद त्याच्या आईला, प्रमोदिनीबाईंना म्हणाला. "मग कुठलातरी वेअरहाउसमध्ये सिक्युरिटीची जॉब. तोपण मिळाली तर."

"होईल रे. देवीला सांगितलंय मी."

"देवी पॅनेलवर नाहीये, आई."

"जीभ बघा! मराठी धड येत नाही, टोमणे तेवढे बरोबर येतात."

पडताळणीच्या आदल्या दिवशी दसरा होता. मिलिंद कामासाठी नॉटिंगहॅमला गेला होता. प्रमोदिनीबाईंनी घरातली जादा किल्ली घेतली, गॅरेजमधले कपाट उघडले आणि मला पेटीतून बाहेर काढले. दसऱ्याला हत्यारे-अवजारे पुजायची, हे त्यांचे कोल्हापूरच्या माहेरचे वळण. "किती काळवंडलास रे," त्या मायेने म्हणाल्या. चिंच आणि मीठ लावून त्यांनी मला खसाखसा घासले. मग हळदकुंकू वाहिले, फूल ठेवले, हात जोडले. "माझ्या लेकराचं काम होऊ दे."

मला ओरडता आले असते तर! त्या आंबट रसात माझे तांबे आणि जस्त कणाकणाने विरघळत होते आणि मी सोन्यासारखा चमकत होतो.

दुसऱ्या दिवशी हॉलरॉइड नावाचे अधिकारी आले. सैन्याची कागदपत्रे त्यांनी तपासून मान्य केली.

"ही मापं कोण हाताळतं?"

"फक्त मी, सर."

पेटी उघडली. माझ्या माथ्यावर कुंकू होते. मिलिंदचा चेहरा पांढरा पडला.

"हे कोणी पॉलिश केलं?"

"मी... मीच. काल."

"काल तर तुम्ही नॉटिंगहॅमला होता म्हणालात."

तेवढ्यात प्रमोदिनीबाई चहा घेऊन आल्या. मला टेबलावर पाहून त्यांचा चेहरा फुलला. "आय क्लीन, सर! व्हेरी शायनिंग, नो?"

हॉलरॉइडांनी माझ्या माथ्यावरचे कुंकू पुसले. त्यांनी मला एका पारड्यात ठेवले आणि दुसऱ्यात स्वतःचे वजन. माझे पारडे वर राहिले. त्यांनी पारडी बदलून पाहिली. मी पुन्हा वरच.

"मिलिंद, काय झालं रे?"

"तू घासलंस ना, आई. तो कमी झाला. हलका झाला."

"अगं बाई! मग आता काय घालून भरून काढू?"

"नाही भरत, आई."

त्या हॉलरॉइडांकडे वळल्या. "सर, मिस्टेक माइन. नॉट माय सन. आय टेक की."

ती किल्लीच तर त्याला नडली. मित्रांनो, खरे सांगायचे तर त्या काही मिलिग्रॅमने एकाही बाळाचे वजन चुकले नसते. पण मापाला कोणाचा हात लागतो हे मालकालाच ठाऊक नव्हते, आणि कळल्यावर तो खोटे बोलला. हॉलरॉइडांनी चहा संपवला, आईंचे आभार मानले आणि नकार लिहिला. पुन्हा अर्ज करता येईल, म्हणाले. पण तोवर रुग्णालयाचे काम दुसऱ्याच कोणाकडे गेलेले असणार होते.

संध्याकाळपर्यंत मिलिंद गॅरेजमध्ये जमिनीवर बसून होता. आई दारात उभ्या होत्या. आत येण्याचा धीर त्यांना होईना.

"ते कपाट बंद का असतं, कधी सांगितलं नाहीस रे मला."

मिलिंदने डोके गुडघ्यांत घातले.

मित्रांनो, ज्यावर तुमचे पोट आहे ते खुशाल कुलपात ठेवा, पण घरच्यांना जवळ बसवून त्यामागचे कारणही सांगा. आणि दुसऱ्याची वस्तू प्रेमाने उजळायला घ्याल, तेव्हा चिंच भिजत घालण्याआधी त्याला विचारा. प्रमोदिनीबाईंनी नक्की विचारले असते. विचारायचे असते, हेच त्यांना कोणी सांगितले नव्हते.