बोटभर माया

मास्तर वाईट माणूस नव्हते, असं गल्लीत कुणीही सांगेल. गल्लीचं काय जातंय सांगायला! ज्याला घरात रडारड नको, वाद नको आणि ताटात वेळेवर चमचमीत काहीतरी हवं, त्याला वाईट असायची गरजच पडत नाही. नुसतं मऊ असून भागतं. मास्तर बायकांचे कपडे शिवायचे. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, आणि त्या खोल्यांमध्ये गुडघे चोळत बसलेली त्यांची बायको. तिला सगळे मास्तरीणबाई म्हणायचे.

मास्तरीणबाई जाड होत्या. भरल्या अंगाच्या वगैरे म्हणून साखरपेरणी करण्यात अर्थ नाही. त्यांचे दोन्ही गुडघे झिजले होते, आणि त्यांची एकुलती एक लेक राहायची बिनलिफ्टच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. दोन वर्षांपूर्वी लेकीचं पहिलं बाळ पोटातच गेलं. तेव्हा ती वर एकटी होती आणि आई खाली जिन्याजवळच्या बाकावर. चौघा शेजाऱ्यांनी मास्तरीणबाईंना खुर्चीत बसवून उचलायचा प्रयत्न केला होता. पहिल्याच वळणावर खुर्चीचा पाय मोडला आणि चौघांपैकी एक जण फिस्सकन हसला. मग त्या बाकावरच बसून राहिल्या, आणि लेकीचं रडणं जिन्यातून खाली येत राहिलं.

आता लेकीला पुन्हा दिवस गेले होते. डॉक्टरांनी तिला पलंगावरून हलू नको म्हणून बजावलं होतं, त्यामुळे तिने माहेरी यायचा प्रश्नच नव्हता. मास्तरीणबाईंनी मनाशी खूणगाठ बांधली की या खेपेला आपण वर असायचंच. त्या गुडघ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या. काट्यावर उभं केल्यावर तिथल्या मदतनीस मुलीने आकडा असा खणखणीत वाचला की बाहेर बसलेल्या सगळ्या पेशंटांनी माना वर केल्या. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांनी या. दहा किलो उतरलं असेल तर लगेच ऑपरेशन करतो, बाळ यायच्या आत जिना चढाल. नसेल उतरलं, तर भूल द्यायची जोखीम मी घेणार नाही.

बाहेर आल्यावर त्यांनी मास्तरांना सांगितलं की तीन महिने आपण काट्याचं तोंड बघणार नाही. पुन्हा चढू ते एकदाच.

आणि घरात उपाय सुरू झाले. आधी सकाळी गरम पाण्यात लिंबू. त्याने फक्त घसा खवखवला. मग कुणा मैत्रिणीच्या जावेने डब्यातली पावडर आणून दिली, दोन्ही वेळच्या जेवणाऐवजी घ्यायची. ती खडूच्या पाण्यासारखी लागायची आणि पोटात कावळे ओरडायचे ते ओरडायचेच. मग पोटाला बांधायचा रबरी पट्टा आला. तो बांधून त्या दुपारभर घाम गाळत बसायच्या, आणि पट्टा सोडला की खाली पुरळ. मग एकच वेळ जेवायचं. मग प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा, त्यामुळे मास्तरांचं जेवून, हात धुऊन झालं तरी त्यांचा दुसरा घास तोंडातच असायचा. गुडघे असे, त्यामुळे चालणं नाही. मोरीपासून दारापर्यंत भिंत धरून फेऱ्या मारायच्या आणि येता-जाता कण्हायच्या.

मास्तरांचे हाल कुणी विचारू नयेत. घरात तेल बंद, साखर बंद, तळण बंद. बायकोच्या समोर बसून आपण चांगलंचुंगलं खाणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांच्याही ताटात उकडलेला भोपळा. शिवाय रात्री जेवताना रड ठरलेली. काही उतरत नाही हो, अंगाला काही लागत नाही तरी उतरत कसं नाही, मी पुन्हा त्या बाकावरच बसणार. मास्तर भोपळ्याकडे बघत मान हलवायचे. त्यांना बायकोची दया यायची, आणि भोपळ्याचा राग यायचा. दोन्हींत जोर कशाला जास्त होता ते त्यांनी कधी तपासलं नाही.

मग ती चूक झाली. चूक खरीच होती, निदान पहिल्या वेळी. मास्तरांनी एकाच ताग्यातून दोन निळे ड्रेस बेतले होते, एक बायकोचा आणि एक शेजारच्या शाळेतल्या बाईंचा. त्या बाईंचा ड्रेस सैल करायला आला होता. दोन्ही ड्रेस एकाच खिळ्याला लटकत होते, आणि मास्तरांनी बोलण्याच्या नादात उसवला तो बायकोचा. चांगला शिंपी शिवणीच्या आत थोडं जादा कापड राखून ठेवतो, पुढेमागे माणसाचं अंग वाढलं तर सोडता यावं म्हणून. त्या राखीव कापडाला माया म्हणतात. मास्तर माया ठेवण्याबद्दल प्रसिद्ध होते. प्रत्येक कपड्यात दोन्ही अंगांना बोटभर माया. त्यातली थोडी त्यांनी सोडली, नवी टीप मारली, इस्त्री फिरवली आणि ड्रेस पुन्हा खिळ्याला अडकवला.

दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाई तो ड्रेस घालून दुकानात आल्या त्या भिंत न धरता. कमरेपाशी कापड चिमटीत धरून त्यांनी मास्तरांना दाखवलं. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाल्या, सैल झाला हो, बघा, सैल झाला. दुकानातल्या आरशासमोर त्या कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. तो आरसा मास्तरांनी गिऱ्हाइकांसाठी किंचित मागे कलता लावलेला होता. त्यात कुणीही उंच आणि बारीक दिसतं. मास्तरांच्या लक्षात सगळा घोटाळा तेवढ्यात आला. सांगायला तोंड उघडलंही होतं. पण बायको म्हणाली, आज जरा तळणाचं करते, तुम्ही किती दिवस माझ्यापायी उपाशी आहात. आणि मास्तरांनी तोंड मिटलं.

त्या रात्री रड नव्हती. मास्तरीणबाईंनी स्वतःही थोडं खाल्लं, हुरूप आला म्हणून. अंगावर मूठभर मांस चढणं म्हणतात ना, ते त्यांच्या बाबतीत अक्षरशः घडत होतं.

पुढचं काही चुकून झालं नाही. दुपारी बायकोचा डोळा लागला की मास्तर तिचा एखादा ड्रेस पुढे आणायचे आणि सूतभर सोडायचे. फार सोडायचे नाहीत. हाताला अंदाज होता. टेप लावायची वेळ आली की ती अशी करकचून ओढायचे की मास्तरीणबाईंचा श्वास अडकायचा, आणि मग कमी आकडा मोठ्याने सांगायचे. कपडा सैल लागला की घरात आनंद, आणि आनंद झाला की ताटात चांगलंचुंगलं. मग ते चांगलंचुंगलं अंगावर दिसायला लागलं की पुन्हा सूतभर. बायकोने स्वतः कधी शिवण उलटून बघितली नाही. तीस वर्षं शिंप्याच्या घरात काढलेली बाई, पण ज्याला हवं ते मिळतंय तो कशाला उलटून बघतो!

काज-बटणांचं काम करणारी बाई दुकानात कोपऱ्यात बसायची. तिला सगळं दिसत होतं. सुरुवातीला ती तोंडाला पदर लावून हसली, कारण मास्तर स्वतःच डोळा मारून तिला गंमत सांगायचे. बायकांना काय लागतं, तर दोन सूत कापड, असं ते म्हणायचे. एक दिवस मात्र निळा ड्रेस मशीनवर उलटा पडलेला बघून तिने सुई खाली ठेवली.

"मास्तर, कडेला आलात," ती म्हणाली. "आता माया उरली नाही यात. पुढे काय करणार?"

मास्तर म्हणाले, पुढचं पुढे बघू. आणि टीप मारली.

ठरलेल्या दिवशी मास्तरीणबाई तोच निळा ड्रेस घालून निघाल्या. पिशवीत टॉवेल, तेलाची बाटली, रात्रीचे कपडे सगळं भरलेलं. डॉक्टर आजच ठेवून घेतील अशी त्यांची खात्री. लेकीला फोन करून झाला होता, की गं, आता तुझी आई येते वर. टॅक्सीत त्या मास्तरांचा हात धरून बसल्या होत्या. मास्तरांनी वाटेत दोनदा टॅक्सी वळवायचा विचार केला. दोन्ही वेळा त्यांना वाटलं की आत्ता सांगितलं तर टॅक्सीवाल्यादेखत तमाशा होईल.

दवाखान्यात त्या काट्यावर हसत चढल्या. मदतनीस मुलगी तीच होती. तिने आकडा वाचला, मग जुना कागद काढून बघितला आणि पुन्हा वाचला, या वेळी हळू आवाजात. वजन उतरलं नव्हतं. चढलं होतं, आणि चांगलंच चढलं होतं. मास्तरीणबाई म्हणाल्या, तुमचा काटा बिघडलाय. मुलगी स्वतः चढून उतरली. काटा ठीक होता. डॉक्टरांनी ऑपरेशनला नकार दिला. म्हणाले, बाई, तुम्ही मनावर घेतलं असतं तर झालं असतं.

घरी आल्यावर त्यांनी ड्रेस काढला, उलटा केला आणि खिडकीपाशी नेला. जुन्या टिपेची भोकं एकामागे एक ओळीने दिसत होती, एक ओळ, मग दुसरी, मग तिसरी. सगळ्यात बाहेरची टीप कापडाच्या काठाला जेमतेम धरून होती आणि तिथे धागे सुटायला लागले होते. मास्तर दारात उभे होते. पाचावर धारण बसली होती, तरी त्यांना वाटत होतं की ती रडेल, ओरडेल, मग आपण समजूत घालू.

"याच्यात माया किती होती?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"बोटभर."

"आणि आता?"

मास्तर म्हणाले, तू खूश होतीस म्हणून मी. तुला बरं वाटावं म्हणून.

त्या रडल्या नाहीत. ड्रेसची नीट घडी घातली आणि जेवायचं वाढायला गेल्या. त्या दिवसापासून घरात तळणही होतं आणि गोडही होतं. स्वतःच्या ताटात त्या उकडलेलं घ्यायच्या, आणि मास्तरांना समोर बसवून पोटभर वाढायच्या. मास्तरांना वाटलं, निभावलं.

लेकीला मुलगी झाली. दवाखान्यात बाळाजवळ कुणाला सोडत नव्हते. तिसऱ्या दिवशी लेक बाळाला घेऊन घरी आली. दवाखान्यातल्या दोघा माणसांनी तिला स्ट्रेचरवर घालून वर नेलं होतं. पाठोपाठ मास्तर आणि मास्तरीणबाई टॅक्सीने पोचले. मास्तरीणबाई जिन्याजवळच्या बाकावर बसल्या. बाक तोच होता. म्हणाल्या, तुम्ही जा वर, बघून या आणि मला सांगा.

मास्तर चार मजले चढून गेले, नातीला बघितलं, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि खाली आले. म्हणाले, अगदी तुझ्यावर गेलीय. मास्तरीणबाईंनी विचारलं, डोळे कसे आहेत, मिटलेले की उघडे, कपाळ मोठं आहे का. मास्तरांनी एवढं बघितलं नव्हतं. त्या म्हणाल्या, मग नीट बघून या की.

मास्तर पुन्हा चढले. गेल्या काही महिन्यांच्या तळणाने त्यांनाही पोट सुटलं होतं. तिसऱ्या मजल्यावर छातीत भाता चालायला लागला. खाली येऊन त्यांनी डोळे सांगितले, कपाळ सांगितलं, बोटंसुद्धा सांगितली. मास्तरीणबाईंनी मन लावून ऐकलं. एका शब्दाने त्या लागट बोलल्या नाहीत. मग आपल्या डाव्या कानामागे बोट लावून म्हणाल्या, इथे माझ्या तीळ आहे, लेकीच्याही आहे. बाळाच्या आहे का तेवढं बघाल का?

मास्तर कठडा धरून निघाले. पहिला मजला झाला. दुसऱ्यावर त्यांचे पाय थरथरायला लागले, तेव्हा ते पायरीवर बसले. वरून बाळाचं रडणं ऐकू येत होतं, लेक त्याला काहीतरी म्हणत होती. अजून दोन मजले होते. मास्तर तिथेच बसून राहिले, रुमालाने मान पुसली, वर जाऊन यायला जेवढा वेळ लागेल तेवढा जाऊ दिला आणि खाली आले.

"आहे," ते म्हणाले. धाप खरी होती, त्यामुळे बोलणं खरं वाटत होतं. "डाव्या कानामागेच. अगदी तुझ्यासारखा."

मास्तरीणबाईंनी मांडीवरचा फोन उचलून पिशवीत ठेवला.

"लेकीला विचारलं मी सकाळीच," त्या म्हणाल्या. "नाहीये."

मास्तरांनी तोंड उघडलं. तुला बरं वाटावं म्हणून, हे त्यांच्या ओठांवर आलेलं मास्तरीणबाईंना दिसलं, आणि त्यांनी हात वर करून ते तिथेच थांबवलं. वर बाळ पुन्हा रडायला लागलं होतं. त्या कठडा धरून उठल्या आणि त्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला. दुसऱ्या पायरीवर त्यांच्या तोंडून कण्हणं निघालं तेव्हा मास्तर आधार द्यायला पुढे झाले.

"हात लावू नका," त्या म्हणाल्या. "तुम्ही बसा खाली."

मास्तर बाकावर बसले. वरून एकेका पायरीवरचं कण्हणं ऐकू येत होतं, आणि पहिल्या वळणाशी, खुर्ची मोडली होती तिथेच, ते थांबलं आणि पुढच्या पायरीचा आवाज आला नाही.