ओटीत घातलेलं घर

२०१६ साल होतं. विडी वळणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी आम्ही सोलापुरात पाळणाघर चालवत होतो. त्या साली पाळणाघराला स्वतःचं घर मिळालं आणि त्याच साली ते हातचं जाता जाता राहिलं.

घर दिलं होटगीच्या मथुराबाईंनी. त्यांचे यजमान रेल्वेत होते. ते गेल्यावर शहरातल्या दोन खोल्या आणि अंगण रिकामंच पडलं होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी आमच्या अध्यक्ष रत्नम्मांची ओटी भरली: खण, तांदूळ, नारळ आणि वर घराची किल्ली. विधवेनं ओटी भरावी का, अशी कुजबुज झाली, पण मथुराबाईंनी तिकडं पाहिलंही नाही. "माज्या घरात लेकरं रांगली न्हाईत. आता रांगू देत," एवढंच म्हणाल्या. त्या क्षणी कागदाचा विषय काढायची कुणाची हिंमत होती?

संघप्रिया आमच्याच पाळणाघरात वाढलेली. नुकतीच वकिली करू लागली होती. पुढच्या बैठकीत ती म्हणाली, संस्थेला एक वकील हवा.

रत्नम्मा हसल्या. "आपण काय दरोडे घालतो का गं? पोरांना भात भरवायला वकील कशाला?"

"अम्मा, ओटी कुणाची भरली?"

"माझी."

"मग घर कुणाचं?"

"संस्थेचं की!"

"पण संस्थेला पदर कुठं असतो, अम्मा?"

आम्ही सगळ्याच हसलो. आठवड्याभरात रत्नम्मांचा मुलगा गुरु मोजपट्टी घेऊन आला. मागच्या खोलीत त्याला टॉवेलचे माग टाकायचे होते. "आईच्या ओटीत आलेलं आईचंच की," तो म्हणाला. "माहेरची भांडी कुणी संस्थेची म्हणतं का?" तो लबाडीनं बोलत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि मला भीती वाटली ती त्या खरेपणाचीच. रत्नम्मा त्याला तेलुगूत खूप बोलल्या. तो मोजत राहिला.

संघप्रियानं सांगितलं, कायद्यानं घर रत्नम्मांचं नाही आणि संस्थेचंही नाही. नोंदणी केलेलं बक्षीसपत्र होत नाही तोवर ते मथुराबाईंचंच. आम्ही तिघी होटगीला गेलो. पुन्हा कागदावर द्यायचं, हे मथुराबाईंना फार लागलं.

"एकदा दिलं त्ये दोनदा कसं देऊ? म्हंजी पयलं दिल्यालं खोटं व्हय?"

रत्नम्मांनी मान खाली घातली.

संघप्रिया त्यांच्याजवळ सरकली. "मावशी, तुमचं लग्न मांडवात लागलं ना?"

"व्हय की. लई थाटात."

"आता पोरं मांडवातून उठली की नोंदणीला जातात. तेवढ्यानं मांडवातलं लग्न खोटं होतं का?"

"आमची कुटली नोंदणी!" मथुराबाई उसळल्या. "ह्ये गेल्यावर पेन्शनीसाटी मी त्येंचीच बायको हाय, ह्ये सांगत किती हिंडले, मला इचार." बोलता बोलता त्या थांबल्या. हे घर आपलंच आहे असं पाळणाघर दारोदार सांगत हिंडतंय, हे बहुधा त्यांच्या डोळ्यांपुढं आलं असावं. मग म्हणाल्या, "बरं, चल. अंगठा कुटं लावायचाय?"

निबंधक कार्यालयात रत्नम्मांनी अध्यक्ष म्हणून सही केली आणि गुरुला पुढं ओढलं. "साक्षीदार हा." गुरु लाल झाला, पण त्यानं सही केली.

मथुराबाई दोन वर्षांनी गेल्या. त्यांचे पुतणे घराची चौकशी करायला आले, बक्षीसपत्र वाचलं, अंगणात थोडा वेळ मुलं पाहत उभे राहिले आणि गेले. गुरु भिवंडीला गेला; तिथं त्याचे माग बरे चाललेत. सणाला येतो, आमच्याशी मात्र अजून मोजकंच बोलतो. रत्नम्मा आता लेकीकडं असतात, त्यांना ऐकू येत नाही. संघप्रिया आमची वकील आहे. फुकट काम करायला तिनं नकार दिला. फुकटच्या माणसाला अडचण सांगायला लोक संकोचतात, असं तिचं म्हणणं. प्रत्येक लहान संस्थेला वकील हवाच का, हे मला अजून ठरवता येत नाही. आमच्याकडं कुणी काही द्यायला आलं, की मी आधी चहा टाकते आणि मग संघप्रियाला फोन करते.