दुसऱ्या बाजूचा क्लच

स्वयंपाकघरात कचऱ्याच्या डब्याचं झाकण टप्पकन पडलं. दुपारचे अडीच वाजले होते. लेक झोपली होती, सासूबाई तोंडावर पेपर घेऊन आडव्या झाल्या होत्या, फ्रिजसुद्धा गुरगुरायचा थांबला होता.

जरा वेळाने परत टप्प. मग परत. कुणी काही टाकत असतं तर पिशवीची सळसळ तरी ऐकू आली असती. ती येत नव्हती.

मी उठून पाहायला गेले. सासरे ओट्याला धरून उभे होते. आमचा डबा पायाने दाबून उघडायचा आहे. त्यांचा डावा पाय त्याच्या पेडलवर होता. त्यांनी ओठ आवळून जोर दिला. झाकण अर्धं वर आलं, थरथरलं आणि पडलं.

"अण्णा, काही टाकायचंय का?"

"नाही."

"मग?"

"झाकण सैल झालंय का ते बघत होतो." त्यांनी गुडघ्यामागे हात घालून पाय खाली घेतला आणि काठी उचलली. "ठीक आहे झाकण."

झाकण ठीकच होतं. प्रश्न पायाचा होता, आणि पायामुळे गाडीचा.

गाडी म्हणजे खाली गॅरेजात उभी असलेली दोन सीटची, बुटकी, वरून उघडी स्पोर्ट्स कार. अण्णांनी ती घेतली तेव्हा त्यांचं लग्नही झालं नव्हतं, म्हणून सासूबाई तिला 'थोरली' म्हणतात. मी या घरात आले त्या आठवड्यातच त्यांनी मला सांगून ठेवलं, "इथे आधी थोरलीचं होतं, मग आपलं. मनाला लावून घ्यायचं नाही." मला वाटलं मोठ्या जाऊबाई असतील. मी दोन दिवस त्यांची वाट पाहिली.

निवृत्त झाल्यावर अण्णांनी थोरलीला मुळापासून उघडलं. पाच वर्षं लागली. पायाखालचा पत्रा इतका गंजला होता की चालवताना खालचा रस्ता दिसायचा. सासूबाई म्हणतात, तो एक फायदा होता, काही पडलं तर लगेच कळायचं. तो पत्रा बदलला, इंजिन उतरवून पुन्हा बांधलं, दारं इतक्या वेळा बसवली की शेवटी चारी बाजूंनी फट सारखी आली. तिला दोन कार्ब्युरेटर आहेत. दोघंही सारखी हवा ओढतात की नाही हे अण्णा कानाला रबरी नळी लावून ऐकत. लेकीला सर्दी झाली होती तेव्हा तीच नळी त्यांनी तिच्या छातीला लावली आणि म्हणाले, "डावीकडचं जरा कमी ओढतंय."

त्यांचा नियम एकच. कंपनीने जे दिलं नाही ते लावायचं नाही. नवऱ्याने रेडिओ सुचवला, नाही म्हणाले. शेजारच्या बाजूचा आरसासुद्धा नाही, कारण त्या वर्षीच्या गाड्यांना तो नव्हता.

"मग त्या बाजूचं दिसतं कसं?" मी विचारलं होतं.

"मान वळवून."

पत्र्यात एकही जादाचं भोक नाही हे ते असं सांगत, जसं काही लोक सांगतात की जन्मात दवाखान्याची पायरी चढलो नाही. दवाखान्याची पायरी त्यांना इंजिन पहिल्यांदा सुरू झालं त्याच्या नवव्या दिवशी चढावी लागली. घरच्या जिन्याच्या शेवटच्या तीन पायऱ्या ते एकदम उतरले. गुडघ्यात पट्टी आणि सहा स्क्रू बसले. डॉक्टर म्हणाले, चालाल, जिना चढाल, उजवा पाय ठणठणीत आहे, डाव्याने मात्र आता जोर धरू नका. थोरलीचा क्लच वस्तादांच्या मते भरलेलं कपाट सरकवण्याइतका जड आहे. वस्ताद म्हणजे अण्णांचे मेकॅनिक, पाच वर्षं दर मंगळवारी येतात आणि चहा बशीत ओतून पितात.

तर रविवारी दातांचे डॉक्टर गाडी बघायला येणार होते. अण्णांनीच बोलावलं होतं. हे डॉक्टर गेली बारा वर्षं थोरली मागताहेत. मागतात तेही अण्णांच्या तोंडात हत्यारं असताना. "गाडी उभी राहिली की गंजते," अण्णा म्हणाले, "तिला चालवणारा माणूस पाहिजे." एवढं बोलून ते ताटावरून उठले आणि हात न धुताच खाली गॅरेजात जाऊन बसले. सासूबाईंनी त्यांच्या ताटावर झाकण ठेवलं. संध्याकाळपर्यंत कुणी ते उचललं नाही.

मंगळवारी वस्ताद आले तेव्हा घरची सभा भरली.

"ऑटोमॅटिक गियरबॉक्स बसवू," नवरा म्हणाला.

"त्यापेक्षा दुसरी गाडीच घेऊ," अण्णा म्हणाले. "घर बदलू. बायकोही बदलू."

"बघा, एका पायावर तयार होणारी मिळाली तर," सासूबाई म्हणाल्या.

वस्ताद म्हणाले की हाताने दाबायचा क्लच बनवता येतो, पण तीन महिने लागतील. आणि दोन भोकं.

"भोकं नाहीत," अण्णा म्हणाले.

मी लेकीच्या फ्रॉकला बटण लावत बसले होते. सहज म्हणून म्हटलं, "मी ड्रायव्हिंग शिकले त्या गाडीत सरांच्या बाजूलाही क्लच होता. महिनाभर तेच दाबायचे. मी नुसती स्टिअरिंग धरून बसायचे आणि मला वाटायचं, किती सोपं आहे हे."

वस्तादांनी बशी खाली ठेवली.

"वहिनी, तसला क्लच भंगारात मिळतो."

"भोक?" अण्णांनी विचारलं.

"सीटच्याच बोल्टला पट्टी आवळतो. पट्टीवर पेडल, तिथून केबल तुमच्या पेडलला. इकडचं दाबलं की तिकडचं दबणार. उद्या काढलं तर खूण राहायची नाही."

"तात्पुरतं," अण्णा म्हणाले. आमच्या घरातला सोफाही तात्पुरता आहे, एकवीस वर्षांपासून.

"पण दाबणार कोण?" सासूबाईंनी विचारलं.

"मी दाबतो," नवरा म्हणाला.

"तुला काही सांगितलं की तू 'आलो, पाच मिनिटं' म्हणतोस. लहानपणापासून. गियर पाच मिनिटं थांबत नाही," अण्णा म्हणाले.

"माझ्याकडे बघू नका," सासूबाई म्हणाल्या. "मी शेजारी बसले तर तोंडाने चालवीन, पायाने नाही."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बटणाचा दोरा दाताने तोडला.

दोन ते चार लेक झोपते. दिवसातले तेवढे दोन तास माझे एकटीचे. ते कसे जातात असं कुणी विचारलं तर मला धड सांगता येणार नाही, पण ते नसले तर लगेच कळतं. बुधवारी सकाळीच वस्तादांनी पेडल बसवलं आणि त्या दुपारपासून ते दोन तास थोरलीकडे गेले. सासूबाई लेकीच्या उशाशी बसत आणि आम्ही मागच्या रिकाम्या रस्त्यावर सराव करत असू.

पहिली अडचण क्लचची नव्हतीच. सहा वर्षांत अण्णांनी मला कधी सरळ काही सांगितलेलं नव्हतं. मी खिडकीत उभी असले तरी ते सासूबाईंना म्हणत, "तिला विचार, खिडकी लावायची का." आता मध्ये सासूबाई नव्हत्या, एक हँडब्रेक होता.

"आता जरा दाबतेस का?" ते म्हणाले. वाक्य पुरं होईपर्यंत इंजिन बंद पडलं.

"दाब म्हणा नुसतं," मी म्हटलं.

"बरं दिसत नाही."

"दर वेळी बंद पडलेलं बरं दिसतं का?"

त्यांनी यावर विचार केला. विचार करताना ते कपड्याने मीटरची काच पुसतात. पुसून झाल्यावर समोर बघत म्हणाले, "दाब."

मी दाबलं. त्यांनी पहिला गियर टाकला.

"सोड."

मी सोडलं. थोरलीने उडी मारली, आम्ही दोघं पुढे जाऊन मागे आलो आणि सगळं पुन्हा बंद.

"सोड म्हणजे टाकून दे असं नव्हे," अण्णा म्हणाले. "झोपलेल्या पोराच्या मानेखालून हात काढतात ना, तसा पाय काढायचा."

"मग हे आधी सांगायचं."

ते मला येत होतं. साडेचार वर्षं रोज तेच करत होते. पुढच्या वेळी गाडी इतकी अलगद निघाली की अण्णांनी खात्री करायला खाली रस्त्याकडे पाहिलं.

"तुम्ही काढलाय का कधी हात?" मी विचारलं.

"एकदा. तो उठला. मग मला परत कुणी सांगितलं नाही."

गुरुवारी आम्ही कोपरा वळून तिसऱ्या गियरपर्यंत गेलो. शुक्रवारी 'दाब'चं नुसतं 'दा' उरलं. शनिवारी इंजिनाचा आवाज चढला, आता गियर बदलायला हवा हे मला कळलं आणि त्यांचा हात गियरकडे जायच्या आधीच माझा पाय खाली गेला.

अण्णांनी गियर टाकला. जरा पुढे गेल्यावर म्हणाले, "मी अजून सांगितलं नव्हतं."

"चुकलं."

"नाही. बरोबर होतं."

त्यांना बरं वाटलं की वाईट, ते मला त्यांच्या तोंडावरून कळेना. उतरताना मी हात पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही, दाराला धरून उतरले.

रविवारी सकाळी वस्ताद पेटी घेऊन हजर झाले, मग दातांचे डॉक्टर आले. स्वच्छ दाढी, पांढरे बूट. थोरलीभोवती दोन चकरा मारून त्यांनी बॉनेटवर असा हात फिरवला की सासूबाई वरच्या खिडकीतून म्हणाल्या, "तिला गुदगुल्या होतील."

"चालवून बघू का?" डॉक्टरांनी विचारलं.

"आधी मी चालवून दाखवतो," अण्णा म्हणाले. "तुम्ही तुमच्या गाडीतून मागे या. हिला सीट दोनच."

"आणि त्या?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ती येतेच नेहमी," अण्णा म्हणाले.

सगळं ठीक चाललं होतं. डॉक्टर मागून येत होते, मधल्या आरशात त्यांचे दात दिसत होते. मग चढावरचा सिग्नल लाल झाला आणि आम्हाला बरोबर मधोमध थांबावं लागलं. चढावर आम्ही कधी सराव केला नव्हता. मागचा रस्ता सपाट आहे. हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं असावं, कारण अण्णांनी मीटरची काच पुसायला घेतली.

डॉक्टरांची गाडी आमच्या मागे हातभर अंतरावर उभी होती. जरा मागे घसरलो असतो तर अण्णांना काही सांगावंच लागलं नसतं, त्यांना आता गाडी जमत नाही हे डॉक्टरांना आपोआप कळलं असतं, आणि पुढच्या रविवारी गॅरेज रिकामं झालं असतं.

सिग्नल हिरवा झाला. मी 'दा'ची वाट पाहिली. आलं नाही. अण्णांचा एक हात हँडब्रेकवर होता. मी दाबलं. त्यांनी पहिला टाकला. इंजिनाचा आवाज वाढवला. मी पाय हळूहळू वर घेऊ लागले, अगदी हळू, कूस बदलणाऱ्या पोराच्या वेळी घेतात तसा, आणि थोरलीचं नाक जरासं उचललं गेलं. तेवढ्यात त्यांनी हँडब्रेक सोडला. आम्ही वर गेलो. एक बोटभरही मागे न येता.

वर गेल्यावर दुसरा, मग तिसरा. वाऱ्याने माझे केस तोंडावर येत होते आणि मी ते बाजूलाही केले नाहीत.

घरासमोर डॉक्टर आपल्या गाडीतून उतरून आले. वाकून आत पाहिलं, मग आणखी वाकले.

"इकडेही क्लच?"

"हो," अण्णा म्हणाले.

"मूळचा?"

ज्यांनी पाच वर्षांत एक आरसा लावू दिला नाही, ते अण्णा म्हणाले, "त्या वर्षीच्या काही गाड्यांना होता."

वस्ताद हत्यारांच्या पेटीत काहीतरी शोधायला लागले आणि बराच वेळ शोधत राहिले.

"दुर्मीळ म्हणायची म्हणजे," डॉक्टर म्हणाले.

"फार."

"मग देणार कधी?"

"चालवतोय तोवर नाही," अण्णा म्हणाले. "चालवतोय, बघितलंत की तुम्ही."

डॉक्टरांनी बघितलं होतं. चढावर आपल्या घरच्या गाड्याही इतक्या सफाईने निघत नाहीत, असं ते म्हणाले, बॉनेटवरून आणखी एकदा हात फिरवून घेतला आणि गेले. नवऱ्याने वस्तादांना पेटी उचलायला मदत केली. अण्णा कपडा घेऊन दाराची मूठ पुसू लागले. त्यांची पाठ आमच्याकडे होती, आणि ती किती तरी दिवसांनी सरळ होती.

लेक जिन्यावरून धावत आली. रोज ती झोपलेली असायची, आम्हाला गाडीत तिने आज पहिल्यांदा पाहिलं होतं. माझ्या सीटशी येऊन तिने खाली वाकून पेडल पाहिलं, हाताने दाबायचा प्रयत्न केला, ते हललं नाही. मग पलीकडे जाऊन दुसरं पाहिलं. परत माझ्याकडे आली.

"आई, तू पायाने दाबत होतीस ना?"

"हो."

"तू दाबलं नाही तर गाडी जाते?"

"नाही जात."

दाराच्या मुठीवरचा कपडा थांबला.

"मग गाडी कोण चालवत होतं?" तिने विचारलं. "आजोबा की तू?"