दाढ आत पाठवा

आमची ताई दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसते. कुणाला कधी आत सोडायचं, हे तीच ठरवते. डॉक्टरांनी नंबर पुकारणारं तयार यंत्र घ्यायचं काढलं. यंत्र आलं की तिचं टेबल गेलं, नोकरीही गेली. "मीच प्रोग्रॅम लिहून दाखवते," असं ती तोऱ्यात सांगून आली. डॉक्टरांनी आज दुपारपर्यंतची मुदत दिली. म्हणून सकाळीच ती माझ्या स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून बसली होती. भाऊ प्रोग्रॅमर असला की फुकटात राबवता येतो.

"तुझा हा कंपायलर महाखडूस आहे!"

कंपायलर आपलं लिखाण मशीनला समजेल असं करून देतो, पण आधी ते तपासून खोड काढतो. त्याचं म्हणणं होतं, ‘दाढ’ हे नाव आधीच दिलेलं आहे.

"ताई, दाढ म्हणजे कोण?"

"दाढ काढायला आलेला माणूस."

"आणि ही खालच्या ओळीतली?"

"ती तोंडातली. कितवी, ते लिहायला. डॉक्टर असंच बोलतात रे. दाढ आत पाठवा, कवळीला बसवा."

"दोन दाढा एकदम आल्या तर?"

"मग जाड दाढ आणि बारीक दाढ."

हसता हसता मला ठसका लागला. ताईने उलथनं उगारलं.

"अगं, तुम्हाला चेहरे दिसतात, कंपायलरला नाही. एका नावाने माणूसही आणि दातही, हे त्याला कसं चालेल? माणसाला माणसाचं नाव दे."

"नावं कागदावर असतात," ती हळूच म्हणाली. "आमच्या तोंडात नसतात."

तिने एकेक नाव बदललं. कंपायलर गप्प झाला.

दुपारी धीर द्यायला मीही दवाखान्यात गेलो. डॉक्टर दारात हाताची घडी घालून उभे. ताईने पडद्यावरचं पहिलं नाव मोठ्याने वाचलं. कुणीच उठलं नाही. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. ताईचा चेहरा उतरला, पण तिने नाव पुन्हा वाचलं.

कोपऱ्यातले एक आजोबा चाचपडत उठले.

"मीच की तो! इथे सगळे कवळीच म्हणतात, त्यामुळे लक्षातच आलं नाही."

डॉक्टर ओशाळले. त्यांनी आजोबांना नावाने हाक मारली आणि स्वतः हात धरून आत नेलं.

थोड्या वेळाने दार किलकिलं झालं.

"बाई, यंत्रवाल्याला नको म्हणून कळवा," डॉक्टर म्हणाले. "आणि पुढचे कोण आहेत, त्यांचं नाव सांगा."