भरमू आप्पाची कन्नड उजळणी

पंचावन्न वर्षांच्या माणसानं अंकलिपी विकत घ्यायला निघावं, आणि तीही घराजवळच्या दुकानातून नव्हे तर ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा ठिकाणाहून, ही काही मिरवायची गोष्ट नव्हे. भरमू वडगावातून सायकल मारत पार टिळकवाडीपलीकडे गेला. "नातीसाठी पायजे," असं त्यानं दुकानदाराला न विचारताच सांगून टाकलं. नात अजून पाळण्यात होती.

पुस्तक कन्नडचं होतं, लाज त्याचीच होती. भरमू मूळचा जांबोटीकडचा. वडगावात यंत्रमागावर त्याची सव्वीस वर्षं गेली, पण मला कन्नड येत नाही, हे तो छाती पुढे काढून सांगायचा. बेकु म्हणजे हवं, बेडा म्हणजे नको, चार आकडे आणि बसची पाटी, एवढ्यावर त्यानं निभावून नेलं होतं. एक नोव्हेंबरला कर्नाटकाचा राज्योत्सव असतो, तेव्हा बेळगावातली मराठी माणसं काळा दिवस पाळतात. त्या दिवशी दंडाला काळी फीत बांधून सायकल फेरीत भरमू पहिल्या रांगेत. एकदा पोलिसांची काठीही खाल्लेली. असल्या माणसानं आता कन्नड अक्षरं गिरवायची, म्हणजे चार लोकांत तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

हे सगळं ईराण्णापायी. ईराण्णा त्याच्या शेजारच्या दोन मागांवरचा विणकर, कन्नड घरातला. शेडमध्ये माग सुरू असले की कानाशी तोंड नेलं तरी ऐकू येत नाही. धागा तुटला, मालक आला, चहाला चल, सगळं हातवाऱ्यांनी. बाहेर चहाच्या गाड्यावर मात्र ईराण्णा मराठीत बोलायचा. "माझा बायको भाकरी दिला," असं काहीतरी. भरमू त्याची नक्कल करून गाड्यावरच्या सगळ्यांना हसवायचा आणि ईराण्णाही हसायचा. हा माणूस आपल्यासाठी एक अख्खी भाषा शिकतोय, हे भरमूच्या डोक्यातही कधी आलं नाही. मराठी सगळ्यांना यायचीच, त्यात काय एवढं!

श्रावणात ईराण्णाला झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं आणि मराठी पार पुसून गेली. उरली ती कन्नड, तीही जड जिभेची. मालकानं आठ दिवस वाट पाहिली आणि त्याचे दोन माग भरमूकडे दिले. भरमूनं ते मागितले नव्हते. पण नकोही म्हटलं नव्हतं.

भरमू भेटायला गेला की ईराण्णा खाटेवर उठून बसायला धडपडायचा. डावा हात दाराकडे हलवत तेच तेच बोलायचा. त्यातले दोनच शब्द भरमूला उमगत. मग्ग म्हणजे माग, होगु म्हणजे जा. भरमूनं आपल्या मनानं अर्थ लावला की माझे माग बळकावलेस, चालता हो इथून. ईराण्णाच्या बायकोला, गौरव्वाला विचारावं तर ती नजर चुकवायची. "काय न्हाय, आण्णा. त्येनी उगंच बोलत्यात."

ते ऐकून भरमूची खात्रीच पटली. जेवण गोड लागेना. मी मागितले नव्हते, मालकानं दिले, एवढं ईराण्णाला कळेल अशा बोलीत सांगायचं, म्हणून हा पुस्तकाचा खटाटोप. बघा म्हणजे, सव्वीस वर्षांत दोस्तीसाठी जी भाषा शिकावीशी वाटली नाही, ती आता स्वतःची बाजू मांडायला शिकायची!

अभ्यासाला जागा त्यानं नामी शोधली. शेडमध्येच, चालू मागांपुढं उभा राहून तो मोठ्यानं उजळणी करायचा. मने म्हणजे घर, मर म्हणजे झाड, नीरु म्हणजे पाणी. त्या खडखडाटात त्याचं त्यालाही ऐकू येत नसे, मग दुसऱ्याला काय येणार? कुणी बघितलंच तर गडी पान चघळतोय असं वाटावं.

चोरी पकडली ती जयाबाईनं, त्याच्या बायकोनं. डब्याच्या पिशवीत तिला पुस्तक सापडलं.

"आवं, नातीचं पुस्तक शेडात कशाला न्हेतासा?"

भरमूनं पुस्तक हिसकून पिशवीत कोंबलं.

"शिका की. लाजायचं काय त्यात? मी गौरव्वासंगट कन्नडच बोलती की. काय पायजे त्ये मला इचारा."

पण तिला विचारायचं तरी कसं? ईराण्णा मला घरातून हाकलतो, हे तिला सांगावं लागलं असतं. "तुला काय करायचंय?" असं खेकसून तो सायकलवर बसला. वाटेत त्याला स्वतःचीच चीड आली.

तीन महिन्यांनी एका मंगळवारी शेड बंद होती. दुपारी भरमू दाढी करून, धुतलेला सदरा घालून ईराण्णाकडे गेला. गौरव्वानं पाणी दिलं. भरमू खाटेजवळ बसला आणि परीक्षेला बसल्यासारखा घाम पुसत म्हणाला, "नानु केळलिल्ल. मालीकरु कोट्टरु." मी मागितले नव्हते. मालकानं दिले.

गौरव्वा तांब्या हातात धरून बघतच राहिली. ईराण्णाच्या चेहऱ्यावर मात्र काही हललं नाही. त्यानं भरमूच्या दंडाकडे बघितलं, डावा हात दाराकडे केला आणि नेहमीचंच सुरू केलं. या वेळी भरमूच्या कानात शब्द सुटे सुटे पडले.

"मेरवणिगी होंटैती. नी होगु. निन्न मग्ग ना नोडतीनि."

मिरवणूक निघाली. तू जा. तुझे माग मी बघतो.

दर काळ्या दिवशी ईराण्णा त्याला हातानंच खूण करायचा, निघ, मी आहे. आणि भरमू निघायचा. चार माग एकटा माणूस दिवसभर कसा सांभाळतो, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. ज्यांच्याविरुद्ध आपण घोषणा देतो त्यातलाच एक जण मागं आपलं काम ओढतोय, हेही त्याला कधी खुपलं नव्हतं.

"वैनी, ह्यो रोज ह्येच बोलतोय?"

"व्हय. तुम्ही आलासा की त्येनला त्योच दिवस वाटतोय," गौरव्वा म्हणाली. "तुमाला वाईट वाटंल म्हनून सांगितलो न्हाय."

"तो तर तुमचा सण हुता, वैनी."

"व्हय. राज्योत्सवाला पोरी नवा कपडा घालून बसायच्या. बाप कदी येतोय म्हनून रडायच्या." ती रागानं बोलली असती तर भरमूला बरं वाटलं असतं. ती नुसती सांगत होती.

ईराण्णाचा जीव कासावीस होत होता. "होगु, होगु," चालूच. गौरव्वा हळूच म्हणाली, "तुम्ही गेल्याबिगर गप बसत न्हाईत."

म्हणून भरमू उठला. बाहेर येऊन पायरीवर बसला. आत ईराण्णा शांत झाला होता, त्याचा डावा हात चादरीवर इकडून तिकडे फिरत होता. भरमूचे माग तो बघत होता. गल्लीतून दोन ओळखीचे गेले, "काय आप्पा, हितं?" म्हणाले. तीन महिने घोकलेल्या शब्दांत माफीचा एकही शब्द त्यानं घेतला नव्हता. त्याला त्याची गरजच वाटली नव्हती.

अर्ध्या तासानं तो आत गेला. ईराण्णानं डोळे उघडले आणि वाकड्या तोंडानं हसून विचारलं, "आतेनु?"

झाली का मिरवणूक? हे भरमूला लगेच कळलं.

"आतु," तो म्हणाला. झाली.

ईराण्णा समाधानानं उशीवर टेकला. सव्वीस वर्षांत त्या दोघांचं ईराण्णाच्या भाषेत झालेलं बोलणं ते एवढंच, आणि त्यातही भरमू खोटं बोलला होता.