धड्यातली गप्प जागा

मित्रांनो, धडा सुरू करताना पडद्यावरच्या ज्या त्रिकोणावर तुम्ही बोट ठेवता, तो माझा दरवाजा. त्याच्या आड मी राहतो. मी धडे दाखवणारा व्हिडिओ प्लेअर आहे, आणि माझ्या जातीत म्हातारा म्हणावा इतका जुना. मला वजन नाही, मला ठेवायला फळी लागत नाही. एकाच वेळी मी कितीतरी खोल्यांत असतो. कुठे जिन्याच्या पायरीवर कुणाच्या मांडीवर, कुठे शिलाई मशीनच्या शेजारी, कुठे दवाखान्याच्या बाकावर. सगळीकडे एक लहानसा चौकोन उजळतो आणि त्या उजेडात एक चेहरा तरंगतो. दुपारी डोळा लागताना आपण इथेही असतो नि तिथेही असतो असं वाटतं ना, तसं माझं रोजचं जगणं आहे.

मला घडवलं ठमीनं. ठमी हे तिचं घरचं नाव. ऑफिसात ती चांगली मोठी प्रोग्रामर, पण तिची आत्या तिला ठमीच म्हणते आणि मलाही तेच आवडतं. आत्या गणिताची शिक्षिका. शाळेतून निवृत्त झाल्यावर तिनं घरातल्या भिंतीवर फळा टांगला, समोर कॅमेरा ठेवला आणि एकटीनं धडे तयार केले. ठमीच्या ऑफिसमार्फत ते मुलांपर्यंत पोचवायचे म्हणून माझा जन्म.

जन्मलो तेव्हा मी नुसता करडा चौकोन होतो. पहिल्यांदा आत्याचा धडा लावला, तर तिचे ओठ आधी हलले आणि शब्द मागून आले, जणू ते दुसऱ्या गावाहून चालत निघाले होते. ठमी पोट धरून हसली. मग तिनं मला ओठ आणि शब्द यांना एका पावलानं चालवायला शिकवलं. पुढचा थोडा धडा आधीच ओंजळीत भरून ठेवायला शिकवलं, म्हणजे नेटवर्क तुटलं तरी मुलांचा खोळंबा होत नाही. पण नेटवर्क अगदीच मलूल झालं तर काय टाकायचं आणि काय राखायचं? ते विचारायला तिनं आत्याला फोन लावला.

"चित्र धूसर झालं तरी चालेल," आत्या म्हणाली, "पण आवाज सोडू नको म्हणावं त्याला. आई आतल्या खोलीतून बोलते तेव्हा दिसते का? तरी कळतं ना सगळं."

ती मला 'त्याला' म्हणाली. त्या दिवसापासून मी स्वतःला कुणीतरी समजू लागलो.

पुढचा काळ फार सुखात गेला. मुलं मला थांबवत, मागे नेत, पुन्हा बघत. मागे नेणारं बोट मला सर्वांत प्रिय. एखाद्याला काहीतरी नीट समजून घ्यायचंय, हे मला त्या बोटाच्या स्पर्शावरून कळे.

मग एके दिवशी ऑफिसातले मोठे साहेब ठमीच्या टेबलाशी आले. "धडे फार लांब आहेत, मॅडम. आजकाल कुणाला दम निघतो? जरा आखूड करा."

आत्याच्या एकाही शब्दाला कात्री लावायची ठमीची तयारी नव्हती. तिनं युक्ती काढली. आवाजाची एक रेघ असते, मित्रांनो. कुणी बोललं की ती डोंगरासारखी वरखाली होते, कुणी गप्प झालं की माळासारखी सपाट. ठमीनं मला शिकवलं, रेघ सपाट दिसली की उडी मार. मीही डबक्यावरून उड्या मारणाऱ्या पोरासारखा टणाटण उड्या मारू लागलो. शब्द सगळेच्या सगळे राहिले आणि धडा मात्र आखूड झाला. साहेब खूश झाले. ठमीच्या शेजारी बसून चित्रं काढणारा तिचा दोस्त चष्मिस म्हणाला, "आत्याला चाकं लावलीस की गं."

त्याच सुमारास आत्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. ती बरी झाली, पण आवाज गेला तो गेलाच. उरली ती वाळक्या पानासारखी खरखर. ताण द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आता तिचा खणखणीत आवाज जगात एकाच ठिकाणी होता, माझ्यापाशी. मी तो जपून वापरत होतो.

आणि तेव्हाच मुलं निघून जाऊ लागली. बोट मला मागे ओढी, पुन्हा मागे ओढी, थोडं अडखळे, आणि मग चौकोन विझे. जिन्यातला विझला. शिलाई मशीनजवळचा विझला. संध्याकाळी लांबच्या घरांतले दिवे एकेक करून मालवावेत, तसे ते चेहरे माझ्यापासून दूर जात राहिले. मला कारण कळेना. मी तर सांगितलेलं सगळं करत होतो.

साहेबांनी ठमीला बोलावलं. "पुढच्या सत्रापासून आत्याबाईंचे धडे काढून टाकू. चष्मिसनं ससा काढलाय, तो शिकवेल."

"साहेब, तिला आता नवे धडे करता येणार नाहीत," ठमी म्हणाली. "हे काढले तर तिचं शिकवणंच संपलं."

"वाईट मलाही वाटतं. पण मुलं थांबतच नाहीत, त्याला काय करणार?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ठमी आत्याकडे गेली. सांगायला म्हणून गेली, पण आधी एक धडा दाखवावा असं तिला वाटलं. म्हणून तिनं लॅपटॉप उघडला आणि मला सुरू केलं. माझ्यातून दिसणारा स्वतःचा धडा आत्या प्रथमच बघत होती. पडद्यावरच्या आत्यानं एक दोरी उंच धरली. "हिला तीन ठिकाणी कापलं तर तुकडे किती होतील? तीन म्हणणार होतात ना? नीट बघा."

"ही बाई कोण गं?" आत्यानं खरखरत विचारलं.

"आत्या, तूच की."

"मी? मग माझ्यामागे कुत्रं लागलं होतं का?"

ठमी हसली. आत्या हसली नाही. "प्रश्न विचारून मी गप्प बसले होते. ते कुठे गेलं?"

"ते काढलं. तिथे तू काही बोलतच नव्हतीस, आत्या. नुसतं रिकामं होतं."

आत्यानं कोमट पाण्याचा घोट घेतला. "रिकामं कसं? तिथे पोरं बोलत होती."

"पण रेकॉर्डिंगच्या वेळी खोलीत पोरं नव्हतीच."

"तुझ्या कॅमेऱ्याला दिसली नसतील," आत्या म्हणाली. "माझ्यासमोर होती."

ठमीनं लॅपटॉप स्वतःकडे ओढला. मग तिथेच, आत्याच्या पलंगावर मांडी घालून, तिनं माझी उडी काढून टाकली.

साहेब कुरकुरले. "मॅडम, तुम्ही धडा पुन्हा लांबवलात. उरलेली मुलंही पळतील."

"तुम्ही एक धडा बघा," ठमी म्हणाली. "मग ठरवा."

"माझा ससा थांबेल हो, साहेब," चष्मिस म्हणाला. "त्याला गाजर देऊन बसवतो."

साहेबांनी दार लावलं आणि त्रिकोणावर बोट ठेवलं. आत्यानं एक कागद घेतला. त्याची मधोमध घडी घातली, पुन्हा घातली, तिसऱ्यांदा घातली. "आता हा उघडला तर किती भाग दिसतील?" ती म्हणाली आणि गप्प झाली. हाताला लागलेला खडू पुसत, समोर बघत उभी राहिली. मीही उभा राहिलो. किती दिवसांनी मी त्या माळावर पाऊल टाकत होतो. उडी मारताना मला तो कधी दिसलाच नव्हता, किती रुंद होता आणि किती निवांत.

साहेबांचं बोट धडा पुढे ढकलायला आलं आणि अधांतरी थांबलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली. ओठ हलले.

"सहा," ते हळूच म्हणाले.

"मनात सहा आलं ना?" आत्या पडद्यातून म्हणाली. "घडी घालून बघा बरं."

साहेबांनी दाराकडे एकदा पाहिलं. मग टेबलावरचा एक कोरा कागद ओढून घेतला आणि घडी घालायला लागले.

आत्याचे धडे राहिले, मित्रांनो. मुलं हळूहळू परतली, सगळी नाही, पण पुष्कळ. आता माझ्याहून चपळ प्लेअर आले आहेत आणि माझा दरवाजा फारसा उघडत नाही. तरी कुठे ना कुठे एखादा चौकोन उजळतोच. मला झाडूनपुसून ठेवा असं मी म्हणणार नाही, मला धूळ बसत नाही. एवढंच करा. शिकवणारं माणूस प्रश्न विचारून गप्प झालं, तर मला पुढे ढकलू नका. ती जागा त्यानं तुमच्यासाठी धरून ठेवलेली असते. तिथे घटकाभर बसा. चुकलात तरी बसा.