वर्जिलच्या शर्टाचं शेपूट

मी चकमकीची बंदूक बोलतोय, आणि खुशीने बोलत नाहीये. माझं काम बोलायचं नाही, बार काढायचं. एकदा तोंड उघडलं की अख्खा डोंगर ऐकतो. मग पुन्हा कुणीतरी ठासून भरेपर्यंत मी गप्प. पण लोरीनने आज माझ्या नळीवरून तेलाचा फडका फिरवता फिरवता लकडाच लावला. "म्हाताऱ्या, तुझ्याबद्दल सगळे बोलून झाले. आता तुझं तू सांग." त्या पोरीचा शब्द मला मोडवत नाही. का, ते पुढे कळेल.

आता बंदूक म्हटलं की लोक 'ती' म्हणतात. शिकारीच्या कॅम्पात मला पहिल्या दिवसापासून 'म्हातारा' म्हणतात, म्हणून मी बोलतोय, बोलत्येय नाही. पटत नसेल त्याने उठावं. मी शिकलेलो नाही. माझ्याच नळीवर कोरलेलं नाव मला वाचता येत नाही.

ते नाव अँसन वर्ट्झचं आहे म्हणतात. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात त्याची शेड होती, तिथे मी जन्मलो. दस्त्याला मेपलचं लाकूड, वाघाच्या पाठीसारखे पट्टे असलेलं. ते त्याने माळ्यावर इतकी वर्षं वाळत ठेवलं आणि इतक्यांदा वर चढून बघितलं, की त्याची बायको म्हणायची, "माझ्याकडे कधी एवढं बघितलंस का रे?" हा कानस घासत बेसूर भजनं म्हणायचा. माझा आवाज खडबडीत आहे, तो त्याच्यावरच गेलाय.

बंदूक घडवून झाली की तिला काय पचतं ते बघावं लागतं. हे आजकालच्या लोकांना कळत नाही. दुकानातून आणतात आणि मिळेल ते कोंबतात. अँसनने मला फळीला बांधून नाही नाही ते खाऊ घातलं. दारू कमी घातली तर गोळी पेंगत जायची, जास्त घातली तर भरकटायची. शेवटी माझा आहार ठरला. बारीक काळी दारू सत्तर ग्रेन, म्हणजे जेमतेम साडेचार ग्रॅम. उशीच्या पट्टेरी खोळीच्या कापडाची चकती, तिला मेण आणि अस्वलाची चरबी. त्या चकतीत गुंडाळलेली शिशाची गोल गोळी. बस. भाकरी-पिठल्यासारखं साधं खाणं, पण रोज तेच पाहिजे.

मला विकत घेतलं एलवूड क्रायडरने. दूधवाला शेतकरी, हाताला कायम गोठ्याचा वास. माणूस कमी बोलायचा, म्हणून आमचं जमलं. त्याने हरणाच्या शिंगाचं टोक कोरून माझ्या दारूचं माप केलं. ते काठोकाठ भरलं की सत्तर. ठासायच्या गजावर चाकूने दोन खाचा पाडल्या. नळी रिकामी असली की गज वरच्या खाचेपर्यंत आत जातो, दारू-गोळी नीट बसली की खालच्या खाचेवर थांबतो. डोळे मिटून बोट लावलं तरी कळावं.

आणि त्याने एक नियम केला. ठासताना बोलायचं नाही. छप्पर पेटलं तरी नाही. आधी दारू, मग गोळी, मग गज, मग खाच बघायची, आणि मगच तोंड उघडायचं.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? त्यात असं आहे, की आमच्या जातीच्या बंदुकीत माणूस एकच चूक पुन्हा पुन्हा करतो. गप्पांच्या नादात दारू घालायलाच विसरतो आणि नुसती गोळी ठासतो. बाहेर कानाशी रंजक, म्हणजे ठिणगी धरणारी चिमूटभर दारू, घालतो, चाप ओढतो, रंजक फुस्सकन पेटते, आणि आत काय पेटणार, कपाळ?

नाताळ उरकला की इथे चकमकीच्या बंदुकांचे दिवस सुरू होतात. तेव्हा नवी कसलीही बंदूक चालत नाही, कायदाच आहे तसा. डोंगरावरच्या लाकडी कॅम्पात शेगडी पेटते, कॅम्पाचा आचारी क्लीटस डुकराचं मांस आणि आंबवलेली कोबी शिजवतो, आणि जेवायला बसले की हे लोक बंदुकीच्या आहारावर भांडतात. बायकोच्या स्वयंपाकाला कुणी कधी नाव ठेवणार नाही, पण शेजाऱ्याच्या दारूच्या मापाला ठेवल्याशिवाय घास उतरत नाही.

कॅम्पाची एक रीत आहे. बार काढला आणि हरण निसटलं, तर त्या माणसाच्या शर्टाचं मागचं शेपूट कापायचं आणि नावासकट भिंतीवर ठोकायचं. कात्री क्लीटसकडे. भिंत सगळी चट्ट्यापट्ट्यांनी भरलीय. एलवूडचंही एक आहे, लाल चौकड्यांचं. त्याची लाज कुणाला नाही. नेम चुकणं माणसाचंच काम आहे. ज्याचं शेपूट भिंतीवर नाही, तो एकतर देव आहे नाहीतर थापाड्या.

वर्जिल हाउसरचं भिंतीवर नव्हतं.

वर्जिल म्हणजे एलवूडच्या बायकोचा भाऊ. ट्रॅक्टर विकायचा, त्यामुळे जिभेला हाड नाही. त्याची लाडकी बंदूक प्लास्टिकच्या दस्त्याची, वर दुर्बीण, आणि दारूच्या तयार वड्या, खोकल्याच्या गोळीसारख्या. "दाजी, दोन वड्या टाकल्या की काम फत्ते. तुमचा म्हातारा आता देवघरात ठेवा," असं तो दरवर्षी म्हणायचा. एलवूड म्हणायचा, "कोबी घे."

मग एलवूडचं खुब्याचं हाड बदललं. त्या वर्षी तो गाडीने कॅम्पापर्यंत आला, पण पुढे डोंगर चढवेना. त्याच वेळी वर्जिलच्या, या दिवसांपुरत्या बाहेर काढायच्या, जुन्या चकमकीच्या बंदुकीची कमान तुटली. एलवूडने मला त्याच्या हाती दिलं. शिंगाचं माप दिलं, गज दिला, नियम सांगितला.

"ठासताना बोलू नकोस."

"दाजी, मी काय लहान आहे?"

लहान नव्हता. लहान असता तर ऐकलं असतं.

सकाळी हेमलॉकच्या झाडांखाली उभा राहून तो मला ठासत होता आणि शेजारच्या मचाणावरच्या माणसाला ओरडून सांगत होता, की सत्तर ग्रेन म्हणजे आजारी माणसाची पेज, खरं माप नव्वदचं. माप, माप करता करता त्याने माप खिशात तसंच ठेवलं. माझ्या पोटात नुसती गोळी उतरली. गज दोन्ही खाचांच्या मधेच थांबला. मी काय करणार? मला हात नाहीत.

थोड्या वेळाने नर आला. रुंद शिंगांचा, निवांत. वर्जिलने घोडा ओढला, चाप दाबला. फुस्स. पुन्हा रंजक घातली. फुस्स. पुन्हा. त्या हरणाने मान वळवून आमच्याकडे बघितलं. माझ्याकडे आजवर कुणी तसं बघितलेलं नाही. मग ते चालत गेलं. पळालंसुद्धा नाही.

वर्जिलला काय झालं ते कळलं होतं. एवढा मूर्ख तो नाही. कॅम्पात शिरायच्या आधी लाकडांच्या खोपटामागे जाऊन त्याने माझ्या कानाच्या बारीक भोकातून चिमूट चिमूट दारू आत सरकवली आणि गोळी फटकन बर्फात उडवून टाकली. मग नळी पुसली, चेहरा पुसला आणि आत आला.

"म्हातारा संपला," म्हणाला. "फुसका बार. थंडीत धरतच नाही."

"गजावरची खाच बघितली होतीस?" एलवूडने विचारलं.

"बघितली ना दाजी. खालच्या खाचेवर, बरोब्बर."

क्लीटस कात्री हातात घेऊन डोकं खाजवत बसला. बारच निघाला नाही, तर चुकला कसं म्हणायचं? रीतीत हे नव्हतं. वर्जिलचं शेपूट शाबूत राहिलं. एलवूडने मला मांडीवर घेतलं, बराच वेळ माझ्या घोड्यावर अंगठा फिरवत राहिला आणि म्हणाला, "वय झालं असेल त्याचं. माझंही झालंच की."

वर्जिलची थाप मी पचवली असती. हे वाक्य पचलं नाही.

मला शेगडीच्या वर लटकवलं. काही वर्षं धूर खात पडलो. नळीत कोळ्याने संसार मांडला. बायका कॅम्प झाडायला आल्या की मला झाडूने झटकायच्या. वर्जिल मात्र माझ्यावर भलताच प्रेम करायला लागला.

"दाजी, माझ्या नव्या बैठकीत याचा दिवा करतो. बुडाला भोक पाडायचं, नळीतून वायर वर काढायची, वर पिवळी टोपी. काय दिसेल!"

बुडाला भोक! त्यानंतर कुठली दारू आणि कुठला बार! एलवूड "बघू" म्हणाला. त्याचं 'बघू' म्हणजे थकलेलं 'हो', हे मला ठाऊक होतं.

तेव्हा लोरीन बोलली. एलवूडची मुलगी, शाळेची बस चालवते, आवाज त्याला साजेसा. त्या वर्षी ती पहिल्यांदाच बापाच्या जागी शिकार करायला कॅम्पाला आली होती.

"मामा, दिवा करायच्या आधी एकदा मी याला डोंगरावर नेते. बार निघाला तर म्हातारा माझा. फुस्स झालं तर तुझा दिवा."

"आणि घरामागे उडवून सांगशील, निघाला म्हणून?"

"तूच चल की साक्षीला. भर थंडीत, हरणासमोर. झालं समाधान?"

"झालं," वर्जिल म्हणाला. "वायर आणूनच ठेवतो."

दुसऱ्या दिवशी बर्फ भुरभुरत होतं. लोरीनने माझ्या चकमकीच्या कळीवर चरबी चोळलेलं चामडं बांधलं होतं, रंजक भिजू नये म्हणून. हेमलॉकच्या त्याच झाडांखाली ती मला ठासायला लागली. आणि वर्जिल बोलायला लागला.

"अगं, सत्तरने काय होतंय? नव्वद घाल. ऐकतेस का? शेजारच्या जेकबने तर दोन-दोन गोळ्या... ए लोरीन! बहिरी झालीस का? मामा बोलतोय तुझा!"

लोरीन गप्प. शिंगाचं माप काठोकाठ भरलं, ओतलं. चकती, गोळी. गज दाबला. वाकून खाचेवर बोट फिरवलं. मग सरळ उभी राहिली.

"हं मामा, बोल आता."

"दारू किती घातलीस?"

"घातली. ते महत्त्वाचं."

वर्जिलचे कान लाल झाले. थंडीने असतील म्हणा.

मादी आली ती दुपारच्या सुमाराला, झुडपांतून नाक वर करून. आडवी उभी राहिली. लोरीनने चामडं काढलं, हळूच घोडा ओढला. माझ्या पोटात इतक्या वर्षांनी माझं जेवण होतं. मी देवाला म्हटलं, मला हरण नको, काही नको, एवढं पेटू दे.

चकमक पोलादावर घासली. रंजक भडकली. आणि धडाम्! त्या दोन्हींच्या मधे पापणी मिटायलाही फुरसत नव्हती. समोरच्या डोंगराने आवाज परत दिला, त्याच्यामागच्यानेही दिला. धुराने सगळं पांढरं झालं. वर्जिल आपण कुठल्या बाजूचे आहोत ते विसरून ओरडला, "लागलं! लागलं!"

लागलं नव्हतं. रंजकीचा भडका डोळ्यापुढे उडाला तशी पोरीने मान फिरवली होती. नवखे सगळे फिरवतात. दोघांनी वाकून वाकून बर्फातल्या खुरांमागे बरंच चालून बघितलं. रक्ताचा थेंब नाही, केस नाही. गोळी बीचच्या झाडाच्या एका जाड खोडात रुतून बसली होती, हातभर उजवीकडे.

लोरीनने त्या भोकात बोट घातलं आणि खो खो हसत सुटली. मी असं हसणं ऐकलं नव्हतं. मेलेल्यात जीव यावा तसं मला झालं.

कॅम्पात एलवूड दाराशी काठी टेकून उभा होता.

"बार ऐकला मी," म्हणाला. "एकच आवाज. मधे खोकला नाही."

लोरीनने मला त्याच्या हातात दिलं, क्लीटसकडे पाठ केली आणि शर्ट बाहेर ओढला.

"काप, काका. म्हाताऱ्याने त्याचं काम केलं. मान मी फिरवली."

कच्चकन कात्री चालली. निळ्या कापडाचं ते शेपूट क्लीटसने एलवूडच्या लाल शेपटाशेजारी ठोकलं. टाळ्या वाजल्या. एलवूडने माझी नळी हुंगली. जळक्या दारूचा वास घेऊन त्याने डोळे मिटले, मग उघडले आणि मेहुण्याकडे बघितलं.

"वर्जिल, त्या वर्षी ठासताना तू काय बोलत होतास रे?"

"मी? काही नाही. हे आपलं... मापाबद्दल."

क्लीटसने हवेतच कात्री एकदा उघडली आणि मिटली. वर्जिलने दोन्ही हातांनी आपल्या शर्टाचं शेपूट पँटीत खोचलं, चांगलं खोलवर.

"कोबी घे," एलवूड म्हणाला.

आता मी शेगडीच्या वर नाही, दाराजवळच्या खुंट्यांवर असतो. निघताना हात घातला की सापडावा असा. लोरीन मान फिरवायची हळूहळू विसरतेय. एलवूड खुर्चीत बसून माझा आवाज ओळखतो. पट्टेरी खोळींचं कापड घरात भरपूर आहे. माझं बरं चाललंय.

माझं एवढंच म्हणणं आहे. बंदूक असो, माणूस असो, आत काही न घालता बाहेर फुसका म्हणू नका. आणि ठासताना तोंड बंद ठेवा. बाकी तुमची मर्जी.

लोरीनचा मामा दरवर्षी येतो. सगळ्यांशी बोलतो, शेगडीशीसुद्धा बोलतो. माझ्यासमोरून जाताना मात्र बुटाच्या नाड्या बघतो. भिंतीवर निळ्या शेपटाशेजारी क्लीटसने एक रिकामा खिळा ठोकून ठेवलाय. "चुकलो" म्हणायला दारू लागत नाही, चकमक लागत नाही, नेमही लागत नाही. मी आहे इथेच, दाराजवळ. त्याचं नाव पुन्हा एकदा सांगून ठेवतो, म्हणजे कुणाच्या डोक्यातून जायला नको: वर्जिल हाउसर.